पालथे फोन

गुरुवारी सकाळी गॅसवर चहाचं आधण ठेवून विद्युल्लताबाईंनी नेहमीप्रमाणे फोन उघडला, तर केतकीच्या नावाखालची वेळ गायब होती. नाव जागेवर होतं, गोल फोटो जागेवर होता, फोटोतलं तिचं पाठमोरं डोकं आणि पलीकडचा समुद्रही जागेवर होता. फक्त त्याखाली एक बारीक राखाडी ओळ असायची, आज सात बेचाळीस, काल रात्री एक दहा, अशी, ती नव्हती. बाईंनी चष्मा पदराने पुसला. फोन बंद करून पुन्हा चालू केला. खिडकीशी नेऊन धरला, जणू अनगोळच्या गल्लीतल्या उजेडात ती ओळ वर येणार होती. तोवर आधण आटलं आणि करपलेल्या आल्याचा वास घरभर झाला. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या, चष्म्याच्या वरून नुसतं बघून सगळा वर्ग गप्प करणाऱ्या बाईंनी त्या सकाळी फोन आणखी दोनदा बंद करून चालू केला.

खरं तर त्या ओळीत असं होतं काय? मुलीने फोन शेवटचा कधी उघडला होता तेवढी वेळ, बस्स. पण मुलगी बेंगळुरात, नवरा चिंतामणी वकील तीन वर्षांपूर्वी गेलेले, आणि मायलेकींचं धड बोलणं थांबून सव्वा वर्ष झालेलं. बाईंनी ‘जेवलीस का’ लिहिलं की ‘हो’ यायचं, ‘बरी आहेस का’ लिहिलं की ‘हो’ यायचं, आणि असे दोन ‘हो’ हातात घेऊन माणसाने महिनाभर काय करायचं? त्या वेळेचं मात्र तसं नव्हतं. ती खोटं बोलत नसे. केतकी एकच्या पुढे झोपते आणि आठच्या आत उठते हे बाईंना त्या वेळेनेच सांगितलं होतं. एका रात्री तीन पन्नास दिसलं तेव्हा बाई उजाडेपर्यंत कूस बदलत राहिल्या, कारण लहानपणी केतकीला ताप आला की ती बरोबर याच सुमाराला उठून पाणी मागायची. रविवारी दुपारी दोन ते पाच वेळ हलली नाही की बाईंना बरं वाटायचं. म्हणजे झोपली असणार, म्हणजे आठवड्याची झोप भरून निघाली. कपाळावर हात ठेवून बघावं तसं त्या दिवसातून चाळीस वेळा बघत. आणि हे कुणाला सांगण्यासारखं थोडंच होतं? आपण कुणाच्या दारावर पाळत ठेवतो असं कुणी सांगतं का?

शेजारची दिपाली बँकेत जाते, तिला या गोष्टी कळतात. बाईंनी तिला जिन्यात गाठलं आणि ‘माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय’ म्हणून विचारलं. दिपालीने एका पायात चप्पल घालता घालता सांगितलं, “बंद केली असणार काकू, सेटिंगमधून. करतात लोक. पण आपली बंद केली की दुसऱ्याचीपण दिसत नाही हं. न्याय आहे एवढा.” आणि ती दुसरी चप्पल घालून खाली उतरली. बाईंनी त्यातलं ‘बंद केली असणार’ एवढंच ऐकलं. उरलेलं वाक्य जिन्यातच राहिलं. म्हणजे दार लावून घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. सव्वा वर्ष फट होती, तीही बुजवली. दुपारी त्यांनी ‘वेळ का बंद केलीस’ असं लिहिलं आणि पुसलं. मग ‘काही चुकलं का माझं’ असं लिहिलं आणि तेही पुसलं, कारण काय चुकलं होतं ते त्यांना पाठ होतं.

शुक्रवारी अमरदीपचा फोन आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, मूळचा निपाणीचा. आजी तिथल्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची, वडील कारकून झाले, हा इंजिनियर झाला आणि दहा वर्षं नोकरी करून एक दिवस खानापूरच्या पलीकडे जंगलाच्या कडेला शिरंगाळी नावाच्या वाडीत चार खोल्या बांधून बसला. ‘रानमुक्काम’ असं नाव दिलं, पाहुणे येऊ लागले. वर्षातून दोनदा तरी तो बाईंना बोलवायचा आणि बाई दोनदा टाळायच्या. “बाई, या वेळी यायलाच पाहिजे. एक विषय आहे. तुम्ही शाळेत म्हणायचा ना, आधी दोन्ही बाजू लिहून काढा, मग तोंड उघडा? तसला विषय आहे. पण एक सांगतो, वाडीत रेंज न्हाय हं अजिबात, आत्तापण माळावर चढून बोलतोय.” बाईंनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं. रेंज नाही म्हणजे चाळीस वेळा बघायची सोय नाही. दारुड्याने ज्या गावात गुत्ता नाही तिथे पाहुणा म्हणून जावं, तशा त्या शनिवारी सकाळी खानापूरच्या गाडीत बसल्या.

खानापूरला घ्यायला आलेल्या अमरदीपची जीप जांबोटीच्या रस्त्याला लागल्यावर फोनवरच्या काड्या एकेक करून गळाल्या. चार होत्या, तीन झाल्या, मग एक बराच वेळ तग धरून राहिली आणि एका वळणावर तीही गेली. बाईंना वाटलं होतं आता धस्स होईल. झालं ते निराळंच. कान उघडल्यासारखे वाटले. जीपचा खडखडाट, काजूच्या मोहोराचा आंबूस गोड वास, त्याची बडबड, हे सगळं एकदम जवळ आलं. कितीतरी दिवसांत आपण कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचीच गंमत वाटली. मग सवयीने हात पर्समध्ये गेला आणि रिकामाच परत आला, असं मुक्कामाला पोचेपर्यंत सहा वेळा झालं. बाईंनी मोजलं.

विषय असा होता. एक कंपनी छपरावर थाळी बसवून द्यायला तयार होती. थाळी आली की इंटरनेट आलं, सगळ्या वाडीला पुरेल एवढं. अमरदीपने पाहुण्यांसाठी एक वही ठेवली होती आणि वर लिहिलं होतं, ‘इथे इंटरनेट असावं का?’ बाईंनी जेवणानंतर ती वही हौसेने वाचली, पेपर तपासायला बसल्यासारखी. पुण्याच्या एका जोडप्याने लिहिलं होतं, ‘कृपया नको. ही शांतता हेच तुमचं वैभव.’ हुबळीच्या एका डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘असतं तर अजून दोन दिवस राहिलो असतो.’ कुणा श्रियाने, अक्षरावरून दहा-अकरा वर्षांची असावी, लिहिलं होतं, ‘पहिल्या दिवशी बोअर झालं, दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याशी पत्ते खेळले.’ बाईंनी तिला मनातल्या मनात दहापैकी नऊ दिले. तेवढ्यात अमरदीपची बायको सोनम ताटं उचलायला आली. तीही निपाणीची, तोंडाने फटकळ. “वाचली का बाई वही? सगळे लिवून जातात, नको, नको. दोन दिवस गप्प बसायला येतात ते. आमी बारा महिने गप्प बसायचं व्हय? माझी बीएडची परीक्षा हाय मेमध्ये. पावसाळ्यात ह्यो वाडीतला भरमा झाडावरनं पडला, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला हे दगडापर्यंत पळालते, पाऊण तास. त्यो अजून लंगडतोय. त्येला कुनी वही दिली न्हाय लिवायला.” अमरदीप म्हणाला, “अगं, पण पाहुणेच नाही आले तर?” ती म्हणाली, “मग तुमीच बसा गप्प.”

दगड म्हणजे काय, ते बाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. वाडीच्या मागे चढ होता, चढ संपला की गवताचा माळ, आणि माळाच्या टोकाला एक सपाट काळा दगड. साऱ्या मुलखात रेंज फक्त त्या दगडावर यायची. पण रोज कोण चढणार? मालुबाई म्हणून साठीच्या एक बाई आपल्या दोन म्हशी घेऊन रोज तिकडे चारायला जायच्या. कधीतरी कुणीतरी त्यांच्याकडे आपला फोन दिला, की आक्का, एवढा वर नेऊन आणा, काय मेसेज असंल तर येईल. मग दुसऱ्याने दिला, मग तिसऱ्याने. आता रोज सकाळी आठला मालुबाई डोक्यावर बुट्टी घेऊन दारोदार फिरायच्या आणि घराघरांतले फोन त्या बुट्टीत पडायचे. ‘फोन चारायला न्यायचे’ असंच सगळे म्हणत, हसत नसत. दिवसभर फोन दगडावर, म्हशी माळावर. संध्याकाळी म्हशी दुधाला परत, फोन ज्याचे त्याला परत, पोट भरलेले.

रविवारी बाई मालुबाईंच्या मागोमाग चढल्या. ‘मला बघायचंय कसं असतं ते’ म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं. बाईंना लहानपणापासून प्रत्येक गोष्ट बघायची असते. पण स्वतःचा फोन मात्र त्यांनी बुट्टीत टाकला नाही, मुठीत धरला. चढावर धाप लागली, पोटऱ्या भरून आल्या. वर पोचल्यावर मालुबाईंनी बुट्टी उतरवली, दगडावर फडकं अंथरलं आणि एकेक फोन काढून त्यावर पालथा ठेवला. चौदा फोन, चौदाही पालथे, शाळेच्या बस्करपट्टीवर बसवल्यासारखे एका ओळीत. वरून दुसरं फडकं पांघरलं. “पालथे का ठेवता?” बाईंनी विचारलं. “उताना ठिवला की उजेड पडतोय, बाई,” मालुबाई म्हणाल्या, “आन उजेड पडला की डोळा जातोय. मला लिवाय-वाचाय येत न्हाय म्हना, तरीबी जातोय. दुसऱ्याच्या ताटात कशाला बगायचं? वाजला तर उचलायचा. निरोप घ्यायचा. ज्येचा त्येला द्यायचा. मधी माझं काय न्हाय.” एवढं बोलून त्या म्हशीमागे गेल्या आणि बाई दगडापाशी एकट्या उभ्या राहिल्या.

उजेड पडला की डोळा जातो. सव्वा वर्षापूर्वीच्या दिवाळीतही तसंच झालं होतं. नरकचतुर्दशीची सकाळ, केतकी न्हाणीघरात, आणि जेवणाच्या टेबलावर तिचा फोन उताणा. उटण्याच्या वाटीशेजारी तो उजळला. बाईंचा डोळा गेला, मग बोट गेलं. कुलूप उघडायचं वळण त्यांना माहीत होतं. लेक समोर बसून फोन उघडायची तेव्हा बघितलेलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर कदाचित निभावलं असतं. पण कुठल्याशा मैत्रिणीला लिहिलेलं वर वर सरकवत त्या गेल्या आणि एका वाक्याशी येऊन थबकल्या. ‘आईसमोर बसलं की तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. उत्तर बरोबर आलं तरी ती पुढचा प्रश्न काढते.’ शिव्या असत्या तर बरं झालं असतं. हे वाक्य नेमकं होतं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे करता येत नव्हता, आणि मराठीच्या बाईंना तेच जास्त लागलं. दिवसभर त्या गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी फराळाला बसल्यावर केतकी सहज म्हणाली, “आज काही विचारत नाहीस, कशी झालीये चकली म्हणून?” आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, “मी कशाला विचारू? तोंडी परीक्षा वाटते ना तुला?” केतकीने हातातली चकली बशीत ठेवली. न तोडता, अगदी हळू. “माझा फोन वाचलास?” तिने विचारलं. चिंतामणी असते तर काहीतरी वकिली करून त्यांनी वेळ मारून नेली असती. बाई म्हणाल्या, “आई आहे मी तुझी.” संध्याकाळच्या बसने केतकी गेली. ती चकली आठवडाभर बशीत होती. बाईंना ती टाकताही येईना आणि खाताही येईना.

दगडावर बाईंच्या हातातल्या फोनला हळूहळू काड्या फुटल्या. दोन मेसेज आले, एक विजेच्या बिलाचा, एक शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या गटावरचा. त्यांनी केतकीचं नाव उघडलं. डोकं, समुद्र, आणि खाली काही नाही. इतकं चढून येऊन त्यांनी बघितलं काय, तर नसलेली ओळ. मालुबाई परतल्या तेव्हा बाई तशाच उभ्या होत्या. “कुनाचा यायचा हाय?” त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, लेकीचा. मग न ठरवता पुढचंही सांगितलं, फोन वाचल्याचं. आजवर कुणालाही न सांगितलेलं त्या एका माळावर, एका म्हशीकडे बघत सांगून मोकळ्या झाल्या. मालुबाईंनी ना मान डोलवली, ना ‘अरेरे’ म्हटलं. सगळं संपल्यावर त्या म्हणाल्या, “आता तुमच्या हातात ठिवून त्यो काय वाजायचा न्हाय. उद्या माझ्याकडं द्या.” यात काय तर्क होता? काहीच नव्हता. बाईंना तो पटला.

सोमवारी सकाळी बुट्टी दाराशी आली तेव्हा बाईंनी फोन टाकला, पण सोडताना बोटं क्षणभर तिथेच राहिली. आपला फोन दुसऱ्याच्या हातात जाताना कसं होतं हे त्यांना साठीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदाच कळत होतं. यात काय काय आहे? पुसलेले मेसेज आहेत का कुठे? चिंतामणींचे दवाखान्यातले फोटो आहेत, केतकीच्या त्या फोटोची मोठी करून साठवलेली प्रत आहे. कुणी उघडून बघितलं तर! आणि केतकीलाही असंच झालं असणार, हे त्यांना तिथे, शेणाने सारवलेल्या अंगणात, सव्वा वर्ष उशिरा कळलं. कळून उपयोग काय, असं त्यांच्या मनात आलं. पण कळलं ते कळलं. दिवसभर त्यांना काही उद्योग नव्हता म्हणून त्या सोनमबरोबर फणसाच्या कुयऱ्या चिरायला बसल्या, चिकाने बोटं चिकटली, सोनमने खोबरेल तेल दिलं. सोनमला त्यांनी परीक्षेचा विषय विचारला, अभ्यास किती झाला विचारलं, आणि तिसरा प्रश्न ओठावर आला तो गिळला. मग सोनम आपणहून बोलत राहिली, निपाणीच्या घराविषयी, सासूविषयी, पहिल्या पावसाळ्यात इथे आल्यावर ती भिंतीशी बोलायची त्याविषयी. प्रश्न न काढता इतकं बाहेर येतं, हे बाईंना चौतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

पाच वाजता म्हशींच्या गळ्यातल्या लोढण्यांचा आवाज आला. मालुबाई दारोदार फोन देत आल्या. बाईंच्या दाराशी मात्र त्यांनी बुट्टी खाली ठेवली आणि सोनमला म्हणाल्या, “तांब्याभर पानी आन गं.” सोनमचा चेहरा बदलला. तिने पाणी आणलं, बाईंच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. “पिऊन घ्या, बाई,” मालुबाई म्हणाल्या. “काय झालं?” “आधी पानी. माझी रीतच हाय ती. एकदा भरमाच्या थोरल्या भावाला मी उभ्या उभ्या निरोप सांगितलता, आई गेल्याचा. त्यो दारातच कोसळला. तवापासनं बरा निरोप असूंदे, वाईट असूंदे, बसल्याबिगर आन पानी प्याल्याबिगर मी तोंड उगडत न्हाय.” बाई पायरीवर बसल्या. पाणी प्यायल्या. तेवढ्या वेळात केतकी तीनदा आजारी पडली, एकदा अपघातात सापडली आणि एकदा परदेशी निघून गेली.

मग मालुबाई समोर उकिडव्या बसल्या, डोळे मिटले आणि बोलू लागल्या. निरोप ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत द्यायचा, हीही त्यांची रीत होती; पण बाईंना ती माहीत नव्हती, त्यामुळे त्या रापलेल्या तोंडातून एकदम अनगोळची, शाळेत शिकलेली, स्वच्छ भाषा बाहेर आली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. “मी केतकी. आईला सांगा, काल रात्रीपासून फोन लावतेय, लागत नव्हता. ती वेळ मीच बंद केली. तिच्यावर रागावून नाही. मी दिवसातून वीस-वीस वेळा तिचीच वेळ बघत बसायचे. उठली का, झोपली का, रात्री दोनला का जागी आहे. कामात लक्ष लागेना, म्हणून बंद केली. पण माझी बंद केल्यावर मलाही तिची दिसेना. आणि मग काल राहवेना.” मालुबाई थांबल्या. “मग?” बाईंनी विचारलं. मालुबाईंनी डोळे न उघडता हात वर केला. “हितं ती थांबली हुती, म्हनून मी थांबले. मधी बोलू नगा, क्रम चुकतोय.” आणि पुन्हा ती भाषा सुरू झाली. “आईला सांगा, मी उद्या ह्याच वेळेला, अकरा वाजता, परत फोन करीन. फोन तुमच्याकडेच असू दे. आधी मी तुमच्याशी बोलेन. तुम्ही पूर्ण ऐकून घेता.” मालुबाईंनी डोळे उघडले. “झाला निरोप.”

“रडत होती का?” बाईंनी विचारलं. मालुबाईंनी बुट्टी उचलून डोक्यावर ठेवली. “ते निरोपात न्हाय, बाई,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

बाई पायरीवर बसून राहिल्या. जिन्यात राहिलेलं दिपालीचं वाक्य आता चप्पल घालून त्यांच्यापर्यंत येऊन पोचलं होतं. रात्री दोनला आपण जाग्या होतो ते कशासाठी, तर तिची वेळ बघायला. आणि ती जागी ती आपली वेळ बघायला. दोन माणसं एकमेकांच्या खिडकीतला दिवा बघत बसलेली, दोघींनाही वाटतंय की समोरची झोपत का नाही! बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं. अमरदीप दूध घेऊन आला. दूध पायरीवर ठेवून तो म्हणाला, “बाई, वहीत काय लिहिलं नाहीत अजून. काय करू मी? बसवू का थाळी?”

बाईंनी नाक पुसलं आणि खरोखरच विचार केला, कारण विषय चांगला होता आणि विद्यार्थ्याने विचारला होता. आज इथे इंटरनेट असतं तर काल रात्रीच तिचा फोन लागला असता. आपण पहिल्या घंटीला उचलला असता. आणि उचलून काय म्हटलं असतं? ‘सव्वा वर्षाने आठवण झाली?’ असंच काहीतरी, आणि त्याच्यापुढे एक प्रश्न, त्याच्यापुढे आणखी एक. बरं, नसतंच काही, तो दगडही नसता, तर ती तिकडे लावत बसली असती आणि आपण इकडे कुयऱ्या चिरत. “तुझ्या वहीला एकच बाजू आहे रे,” त्या म्हणाल्या. “जे निघून जाणार त्यांनाच तू विचारतोस. सोनमला विचार, भरमाला विचार. पाहुण्यांना फार वाटलं तर त्यांच्यासाठी दाराशी एक बुट्टी ठेव.” अमरदीप म्हणाला, “आणि तुम्हाला काय वाटतं?” बाई म्हणाल्या, “मला वाटतं ते उद्या अकरानंतर विचार.”

मंगळवारी त्या मालुबाईंबरोबर चढल्या. फोन बुट्टीत होता. वर पोचल्यावर मालुबाईंनी फडकं अंथरलं, फोन पालथे ठेवले आणि चाळीस पावलांवरच्या फणसाकडे बोट केलं. दगडावर कुणाचा फोन आला की बाकीच्यांनी तिथे बसायचं, पाठ करून, अशी वाडीची पद्धत. बाई फणसाखाली दगडाकडे पाठ करून बसल्या. सोनमने पाण्याची बाटली दिली होती ती मांडीवर घेतली. समोर खोल दरी होती, सगळी हिरवी, आणि त्या हिरव्यात एकही घर नव्हतं. बाईंना वाटलं, आपल्याला कुणी विचारलं तर हे सगळं सांगता येणार नाही. मग वाटलं, कशाला सांगायचं. एक म्हैस गवत उपटत होती त्याचा करकर आवाज येत होता. अकरा वाजले असतील का हे कळायला मार्ग नव्हता, कारण घड्याळही फोनातच होतं.

वाजला. बाईंची पाठ ताठ झाली. दोन घंट्या, आणि थांबला. मागून मालुबाईंचा आवाज आला, शब्द नव्हते, नुसता आवाज. मग बराच वेळ काहीच नाही, ऐकत असणार. मग पुन्हा आवाज, आणि मग मालुबाई हसल्या, खळखळून, त्या अशा हसतात हे बाईंना माहीत नव्हतं. काय म्हणाली असेल? आपल्याविषयी असेल का? चकलीचं सांगितलं का तिने? मान वळवावी, नुसता डोळा जाऊ द्यावा, चाळीस पावलं ती काय. त्यांनी दोन्ही हातांनी बाटली घट्ट धरली आणि दरीकडे बघत राहिल्या. इतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते कुणाला दिसतही नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मागून हाक आली.

“बाई, या. तुमालाच बोलावतीया. पर आधी पानी पिऊन घ्या.”

बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, आणि एक घोट पिऊन, दुसराही पिऊन, मगच त्या उठल्या.